अठरा पूर्ण झालेला पाहुणा

बालगृहात वाढलेल्या पुष्कळ मुलांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते. खरी तारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना ती लिहून टाकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. तिचा एक परिणाम कुणाच्या फारसा लक्षात येत नाही. या मुलांना अठरा पूर्ण होतात ते ऐन पावसाच्या तोंडावर. बारावीचा निकाल नुकताच हातात आलेला, कॉलेजचा प्रवेश अर्धवट, नोकरीचं काहीच पक्कं नाही, आणि संस्थेतला पलंग सोडायची वेळ आलेली. मग थोडे दिवस मित्राच्या खोलीवर, थोडे दिवस ज्या दुकानात काम मिळालं त्याच्या पोटमाळ्यावर, आणि तेही सुटलं की स्टेशन.

अशा मुलाला किंवा मुलीला चार-सहा महिने आपल्या घरातली एक खोली द्यावी, असं अनेकांच्या मनात येतं. स्वतःची मुलं शिकायला बाहेर गेलेली असतात, खोलीत फक्त इस्त्रीचे कपडे आणि जुना ट्रेडमिल असतो. कल्पना चांगली आहे आणि जमण्यासारखीही आहे. ती फसते तेव्हा माया कमी पडली म्हणून क्वचितच फसते. मुदत ठरलेली नव्हती आणि कागद कुणी नीट पाहिले नव्हते, ही कारणं जास्त वेळा सापडतात. म्हणून इथे कागद आणि तारखा यांच्याबद्दलच जास्त बोलणार आहे. जिव्हाळा कसा लावायचा हे कुणी कुणाला सांगू नये.

सगळ्यात आधी वय. मूल अठराच्या आतलं असेल तर पुढचं काहीही लागू होत नाही. रात्री स्टेशनवर एकटं दिसलेलं पोर कळवळा येऊन घरी आणणं आणि 'सकाळी बघू' म्हणत आठवडा काढणं हे कायद्यात बसत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३२ प्रमाणे असं मूल सापडल्यापासून २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) चाइल्डलाइन, पोलीस ठाणं, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवावं लागतं, नाहीतर नोंदणीकृत संस्थेच्या ताब्यात द्यावं लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा, १०९८ हा नंबर फोनमध्ये ठेवा. अल्पवयीन मूल घरी ठेवायचं असेल तर त्याचा रस्ता प्रतिपालकत्वाचा, म्हणजे फॉस्टर केअरचा. तो बालकल्याण समितीतून जातो, आणि तो या लेखाचा विषय नाही.

अठरानंतर चित्र बदलतं. माणूस सज्ञान आहे, तो कुठे राहतो हे तोच ठरवतो, समितीची परवानगी लागत नाही. त्याच कायद्यात अठरा ते एकवीस वयाच्या, संस्थेतून बाहेर पडलेल्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची (आफ्टरकेअरची) तरतूद आहे, अपवाद म्हणून तेविसापर्यंत. आपल्याकडे त्यासाठी अनुरक्षणगृहं आहेत, सहा ते आठ जणांनी मिळून राहायची गटनिवासाची सोय नियमांत आहे, आणि मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून महिना ४,००० रुपयांची मदत मिळू शकते. 'मिळू शकते' हेच क्रियापद बरोबर. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावा लागतो, तो मंजूर व्हायला वेळ जातो, आणि मधल्या काळात रात्री झोपायचं कुठे हा प्रश्न उरतोच. तुमची खोली या मधल्या काळासाठी आहे. मदतीचा अर्ज तुमच्याकडे राहत असतानाच करायला लावा. 'आम्ही आहोत ना' म्हणून तो टाळू नका.

ब्रिटनमध्ये ही गोष्ट रीतसर चालते. १९८७ साली लीड्समध्ये सुरू झालेल्या 'नाइटस्टॉप'मध्ये सोळा ते पंचवीस वयाच्या बेघर मुलांना स्वयंसेवक आपल्या घरी ठेवतात, पण एका वेळी एका रात्रीच्या हिशोबाने. वेगळी खोली, गरम जेवण, आंघोळ, कपडे धुवायची सोय, आणि सकाळी निघायचं. यजमानाची पार्श्वभूमी तपासलेली असते, प्रशिक्षण झालेलं असतं, आणि रात्री-बेरात्री फोन करायला मागे एक संस्था असते. आपल्याकडे असा साचा नाही. एका रात्रीचं ठेवणं आपल्याला कोरडंही वाटेल. पण त्यातल्या दोन गोष्टी जशाच्या तशा उचलाव्यात: मुदत आधी ठरवलेली, आणि यजमान व मूल यांच्यामध्ये उभा असलेला तिसरा माणूस.

तिसरा माणूस म्हणजे ज्या संस्थेतून मूल आलं तिथला समुपदेशक, समाजसेवक, किंवा अशा मुलांबरोबर काम करणाऱ्या एखाद्या गटातला कार्यकर्ता. त्याच्याशिवाय कुणालाही ठेवून घेऊ नका, मग मूल कितीही गुणी वाटो. मुलाला तुमची तक्रार करायला जागा हवी आणि तुम्हालाही त्याची तक्रार करायला हवी. ती नसली की मूल गप्प बसतं, तुम्ही गप्प बसता, आणि तीन महिन्यांनी एका टॉवेलवरून भडका उडतो. हा माणूस पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा फोन करेल आणि महिन्यातून एकदा घरी येईल असं कबूल करून घ्या. त्याने मुलाशी तुमच्या गैरहजेरीत बोलायचं. चहा देऊन तुम्ही उठून आत जायचं.

भेटी तीन तरी व्हाव्यात. पहिली बाहेर, तासाभराची, तिसऱ्या माणसासोबत. दुसरी घरी, दुपारच्या जेवणाला. तिसरी शनिवार-रविवारची, एक रात्र मुक्काम. त्यानंतर दोन दिवस दोन्ही बाजूंनी विचार करायचा आणि नाही म्हणायचं असेल तर तिसऱ्या माणसामार्फत म्हणायचं. भिडेपोटी 'हो' म्हटलेलं घर पंधरा दिवसांत कळतं. घरातल्या सगळ्यांचं मत घ्या, आणि ते खरं घ्या. सासूबाईंना मान्य नसेल आणि त्या दिवसभर घरात एकट्या असतील, तर तो प्रश्न तिथेच संपला. तुमची स्वतःची मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असेल तर अठराचा मुलगा ठेवू नका, त्याच्याही भल्यासाठी: काही घडलं नाही तरी संशय त्याच्यावरच येतो. एकटा राहणारा पुरुष असेल तर त्याने मुलीला ठेवू नये. यावर चर्चा करत बसू नये.

खोलीला फार लागत नाही. सहा बाय तीनची गादी, दोन चादरी, दोन उशांचे अभ्रे, कुलूप लागणारं एक कपाट किंवा पत्र्याची पेटी, खिडकीला पडदा, चार्जिंगचा पॉइंट. दाराला आतून कडी हवीच. चाळीस जणांच्या हॉलमध्ये वाढलेल्या मुलाला स्वतःची कडी ही नवीन वस्तू असते. उलटही होतं: पहिल्या आठवड्यात कित्येकांना एकटं झोपवत नाही. दिवा चालू ठेवतात, मोबाइलवर रात्रभर काहीतरी लावून ठेवतात, हॉलमध्ये येऊन सोफ्यावर पडतात. ओरडू नका, विजेच्या बिलावरून टोमणा मारू नका. दहा-बारा दिवसांत बसतं. दिवाणखान्यात गादी टाकून ठेवणं मात्र नको. दार नसलेली जागा दिली की मूल सतत पाय पोटाशी घेऊन वावरतं आणि घरातलेही अवघडतात.

सोनं, रोकड, चेकबुक पहिल्या दिवसापासून कुलपात ठेवा, आणि ते सरळ सांगून ठेवा: 'आमच्याकडे कपाट बंद असतं, तुझंही बंद ठेव.' याला अविश्वास म्हणत नाहीत. घरात कधीतरी पाचशेची नोट सापडत नाहीच, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळतात. कुलूप असलं की ती वेळ येत नाही.

आता पत्र. दोन पानांचं, मराठीत, तिघांच्या सह्यांचं. यात काय असावं? मुक्कामाची सुरुवात आणि शेवट, तारखेसकट. आमच्या मते चार महिने कमी पडतात आणि वर्षभरात मूल पाहुणं राहत नाही. सहा महिने बरे, आणि एकदाच तीन महिने वाढवायची सोय, तीही चौथ्या महिन्यात बसून ठरवलेली. मग घरी यायची वेळ, न येणार असेल तर किती वाजेपर्यंत कळवायचं, मित्र घरी येऊ शकतात का, दारू-तंबाखूचं काय, कुणी गावाला गेलं तर किल्ली कुणाकडे. दोन्ही बाजूंना मुक्काम आधी संपवायचा असेल तर पंधरा दिवसांची सूचना, आणि त्या पंधरा दिवसांत तिसऱ्या माणसाने दुसरी सोय बघायची. मारहाण किंवा चोरी झाली तर त्याच दिवशी, पण तेव्हाही मुलाला रस्त्यावर काढायचं नाही, तिसऱ्या माणसाच्या ताब्यात द्यायचं. मुक्काम विनामोबदला आहे, हे स्पष्ट लिहा.

विनामोबदला हा शब्द महत्त्वाचा. 'त्याला बरं वाटावं म्हणून' महिना हजार रुपये भाडं घेणारे भेटतात. भावना कळते, पण पैसे घेऊन जागा दिली की तो मुक्काम लिव्ह अँड लायसन्सच्या अंगाने जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ खाली असा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. तो केला नाही तर वाद झाल्यावर जागामालकाची बाजू लंगडी पडते. पैशाची शिस्त लावायची असेल तर त्याच्याच नावाच्या आवर्ती ठेवीत भरायला लावा, तुमच्या हातात नको.

पोलीस ठाण्यात माहिती द्या. नियम भाडेकरूंसाठी असला तरी सहा महिने राहणाऱ्या पाहुण्याची नोंद झालेली बरी. आधारची प्रत, फोटो, संस्थेचं पत्र घेऊन जा, आणि मुलाला सोबत घेऊन जा, म्हणजे मागून चौकशी लावली असं त्याला वाटणार नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला एका ओळीचं पत्र पुरतं: आमच्याकडे अमुक नावाचा पाहुणा अमुक तारखेपर्यंत राहील. घरमालक स्वतः घरात राहत असताना बिनभोगवटा शुल्काचा, म्हणजे घर भाड्याने दिल्यावर सोसायटी लावते त्या जादा आकाराचा, प्रश्न येत नाही. कुणी बिलात लावलं तर लेखी विचारा.

शेजाऱ्यांना मात्र कमीत कमी सांगा. 'आमच्याकडे राहायला आलाय, इथे नोकरी करतो', बस. अनाथ, आश्रमातला, संस्थेतला, यातला एकही शब्द जिन्यात उच्चारू नका. गणपतीत आरतीला जमलेल्या पंधरा माणसांसमोर 'हा बघा, आम्ही याला ठेवलंय' अशी ओळख करून दिली की त्या घरातलं त्याचं राहणं संपलं असं समजा. फोटो टाकू नका. आणि आडनावावरून जात विचारणारे काका प्रत्येक मजल्यावर असतात. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मुलाला आधीच विचारून ठेवा. कित्येकांचं आडनाव संस्थेने दिलेलं असतं, आणि त्यावर पुढचा प्रश्न आला की पोरं खोटं बोलून मोकळी होतात. मग ते खोटं दोन महिने सांभाळत बसतात.

कागदांचं काम पहिल्याच आठवड्यात हाती घ्या, कारण त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. संस्थेतून निघताना फाइल मिळते. तीत काय आहे यापेक्षा काय नाही ते बघा. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, जन्मदाखला असल्यास तो, बालकल्याण समितीचे आदेश, अनाथ प्रमाणपत्र, बँकेचं पासबुक, लसीकरण आणि औषधांच्या नोंदी. अनाथ प्रमाणपत्र अर्ज करून मिळवावंच: २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे, आणि ते या कागदाशिवाय वापरता येत नाही. संस्थेत होतो म्हणजे प्रमाणपत्र असणारच, असं धरून चालू नका. जे संस्थेत होते पण ज्यांचे आई किंवा वडील हयात आहेत त्यांची गोष्ट वेगळी असते, आणि तशी मुलं पुष्कळ असतात.

आधारवर तीन ठिकाणी अडतं. एक: लहानपणी काढलेल्या आधारचे बोटांचे ठसे पंधराव्या वर्षानंतर पुन्हा द्यावे लागतात, ते दिलेले नसतात, आणि बँकेत ठसा जुळत नाही. दोन: पत्ता संस्थेचा असतो. तो बदलायला तुमचं वीजबिल चालत नाही, कारण ते तुमच्या नावाचं. आधारच्या ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. नगरसेवक, आमदार किंवा राजपत्रित अधिकारी यांची सही-शिक्का त्यावर चालतो, आणि ते तारखेपासून तीनच महिने चालतं. घाई नसेल तर संस्थेचा पत्ता राहू द्या आणि तो शेवटी, स्वतःची जागा झाल्यावर बदला. दर सहा महिन्यांनी पत्ता बदलत बसण्यात अर्थ नाही. तीन, आणि हे सगळ्यात चिवट: आधारला जोडलेला मोबाइल नंबर अधीक्षकांचा किंवा संस्थेच्या कार्यालयाचा असतो. ओटीपी तिकडे जातो. त्या मॅडम बदलून गेल्या असल्या की संपलंच. म्हणून पहिलं काम नवीन सिम, मुलाच्या स्वतःच्या नावाने. दुसरं काम आधार केंद्रात जाऊन ठसे आणि नंबर एकाच फेरीत अद्ययावत करणं. त्यानंतर बँक, पॅन वगैरे. क्रम उलटा केला की प्रत्येक खिडकीवरून परत यावं लागतं.

बँकेचं खातं बहुतेक वेळा अज्ञान (अल्पवयीन) म्हणून उघडलेलं असतं, पालक म्हणून संस्थेचे अधीक्षक. अठरा पूर्ण झाले की नव्याने केवायसी, फोटो, सहीचा नमुना दिल्याशिवाय व्यवहार थांबतात. त्यात शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेले असतात. नवीन खातं उघडून जुनं तसंच सोडू नका. जुनं सज्ञान खात्यात बदलून घ्या, म्हणजे अडकलेली रक्कम सुटते.

आणि मधलं नाव. आपल्या फॉर्मात स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असे तीन रकाने. वडिलांचं नाव ठाऊकच नसलेल्या मुलाच्या दाखल्यावर तिथे कधी एक रेघ असते, कधी संस्थेच्या संस्थापकांचं नाव, कधी आईचं. आधारवर वेगळं, गुणपत्रकावर वेगळं. ऑनलाइन फॉर्म तर तो रकाना रिकामा ठेवूच देत नाही. सगळे कागद टेबलावर पसरा आणि एका कोऱ्या कागदावर प्रत्येकावरचं नाव जसंच्या तसं उतरवून काढा, स्पेलिंगसकट. दहावीचं गुणपत्रक प्रमाण धरा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवा. तफावत मोठी असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्यावा लागतो. खर्च फार नसतो, पण दिवस जातात. हे काम त्याच्याबरोबर बसून करा, त्याच्या वतीने नको. पुढच्या वेळी खिडकीवर तो एकटा असेल.

घरातल्या जगण्यात अडथळा येतो तो फ्रिजपाशी. संस्थेत घंटा झाली की ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, वाढतील ते खायचं, आणि लवकर खायचं, कारण दुसरी वाढ संपते. हे मूल तुमच्या घरी सात मिनिटांत जेवतं. रात्री भूक लागली तर उठून फ्रिज उघडत नाही, सकाळपर्यंत तसंच राहतं. उशीखाली बिस्किटांचा पुडा ठेवतं. पुडा सापडला तर बोलू नका. स्वयंपाकघरात एक डबा ठरवा, त्यात चिवडा, बिस्किटं, शेंगदाण्याची चिक्की, आणि सांगा की हा डबा कुणालाही न विचारता उघडायचा. 'हे आपलंच घर आहे, काहीही घे' या वाक्याचा उपयोग शून्य. काय घ्यायचं आणि कुठल्या डब्यातून, ते दाखवावं लागतं. दुधाची पिशवी, तुमच्या मधुमेही सासऱ्यांचं खास काही, उद्याच्या डब्याची भाजी यांना हात लावायचा नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगा. नेमकी बंधनं मुलांना सोसतात, मोघम मोकळीक सोसत नाही.

खाण्याचा अंदाज आधीच दुप्पट धरा. अठराचा मुलगा एका वेळी पाच-सहा पोळ्या आणि वर भात खातो. १४.२ किलोचा सिलिंडर तुमच्याकडे दीड महिना जात असेल तर तो पाच आठवड्यांवर येईल. हे सांगण्याचं कारण चिक्कूपणा नाही. दुसऱ्या महिन्यात किराण्याचं बिल बघून घरात कुणीतरी काहीतरी पुटपुटतं, आणि ते नेमकं ऐकू जातं.

काय म्हणून हाक मारायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. संस्थेतली मुलं मोठ्या माणसाला सर, मॅडम किंवा ताई म्हणतात. काका-काकू, मावशी, दादा-वहिनी, तुमच्या वयाप्रमाणे जे बसेल ते सुचवा. आई-बाबा म्हणायला लावू नका, आणि त्याने आपणहून म्हटलं तरी हुरळून जाऊ नका. कित्येकांची आई कुठेतरी असते. सहा महिन्यांनी ज्या घरातून निघायचंय तिथल्या बाईला आई म्हणायला लावणं हा कुणाचाच फायदा नाही.

घरकामाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, विशेषतः मुलगी असेल तर. स्वतःचं ताट घासणं, स्वतःचे कपडे, खोलीचा केर, आणि घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला येणारं एखादं काम, उदाहरणार्थ रात्री ओटा पुसणं किंवा सकाळी दूध आणणं. इथे थांबायचं. मुलगी हुशार असते, संस्थेत तीस जणांची कणीक मळलेली असते, न सांगता पोळ्या लाटायला बसते. सगळे कौतुक करतात, आणि दोन महिन्यांत स्वयंपाक तिच्याकडे गेलेला असतो. एक साधी कसोटी आहे. ती आल्यापासून तुम्ही भांड्यांच्या मावशींना सुट्टी दिली का? पोळ्यांच्या बाई बंद केल्या का? केल्या असतील तर तुम्ही पाहुणी ठेवलेली नाही, बिनपगारी मोलकरीण ठेवली आहे. तिचा अभ्यास किंवा नोकरी यांपैकी एक लवकरच सुटेल.

उलट काही गोष्टी मुद्दाम शिकवाव्या लागतात, आणि त्या कामाच्या यादीत धरू नयेत. एका माणसाला आठवड्याची भाजी किती लागते, पाव किलो म्हणजे डोळ्यांना किती, टोमॅटो चाळीस रुपये किलो हा महाग की स्वस्त, लोकलचा पास कसा काढायचा, सिलिंडरचा रेग्युलेटर कसा बंद करायचा. चाळीस जणांसाठी डाळ शिजवता येणाऱ्या मुलीला एका वाटीची डाळ शिजवता येत नाही. पाणी किती घालायचं कळत नाही, मीठ तर हमखास चुकतं. बाजारात पाठवताना दोनशे रुपये द्या आणि उरलेले तिच्याकडेच ठेवायला सांगा. हिशोब विचारायचा तो लिहायची सवय लागावी म्हणून.

पैशाचं गणित पहिल्या पगारालाच मांडा. समजा पगार १२,००० आहे. कॉट बेसिसवर जागेचं भाडं ४,००० आणि डिपॉझिट ८,०००, मेसचा आगाऊ महिना ३,०००, गादी, बादली, कुकर, गॅसची छोटी शेगडी यांना आणखी ३,०००. म्हणजे निघताना हातात १८,००० हवेत, आणि नोकरी गेली तर दीडेक महिना तग धरायला वर १२,०००. एकूण ३०,०००. महिना ५,००० प्रमाणे सहा महिने. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण कागदावर मांडून भिंतीला लावा. सहा महिन्यांची मुदत का, हे त्या कागदावरून कळतं, आणि मुदत ही हाकलण्याची तारीख वाटत नाही. पहिल्या पगाराचा मोबाइल येणारच. तो येऊ द्या, हप्त्यांवर मात्र नको. लहान कर्ज देणारी ॲप या वयाला फार लवकर सापडतात, आणि वसुलीवाले मग यादीतल्या सगळ्यांना फोन करतात, तुम्हालासुद्धा.

काय बिघडतं ते साधारण ठरलेलं असतं. पहिले तीन आठवडे मूल इतकं शहाण्यासारखं वागतं की सगळे भारावून जातात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ते उलटतं: उशिरा येणं, उत्तर न देणं, नोकरीला दांडी, दार आपटणं. हे घर बोलल्याप्रमाणे वागतं का, की एका चुकीवर बाहेर काढतं, हे ते पाहत असतं. या आठवड्यात पत्र काढून वाचा, आवाज न चढवता, आणि तिसऱ्या माणसाला बोलवा. 'एवढं करूनही' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य गिळून टाका.

रात्री घरी आलंच नाही तर? ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने फोन, तासाभराने तिसऱ्या माणसाला फोन, मग त्याच्या दोन मित्रांना. हे नंबर पत्रावरच लिहून घेतलेले असावेत. सकाळपर्यंत पत्ता नसेल किंवा काळजीचं कारण असेल तर पोलीस. सज्ञान माणसाची हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं, हा गैरसमज आहे. आणि रात्ररात्र न झोपणं, न जेवणं, हातावर कापल्याच्या खुणा, जगून काय करू अशी भाषा दिसली तर तुमची समजूत आणि गवती चहा पुरत नाही. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र, फुकट. त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही न्या.

दिवाळीचा विचार वेगळा करा. तुम्ही गावाला जाणार असाल तर त्याला नेणार की नाही, हे नवरात्रातच सांगा. नेणार नसाल तर घरात एकटं ठेवू नका. फटाक्यांच्या आवाजात रिकाम्या घरात चार दिवस काढणं या मुलांना सगळ्यात जड जातं. संस्थेतले जुने सवंगडी बहुतेक कुठेतरी जमतात. तिकडे फराळाचा डबा देऊन पाठवा, मोठा द्या.

निघायची तयारी दोन महिने आधी सुरू होते. जागा त्याने शोधायची, तुम्ही बघायला सोबत जायचं, करार वाचून दाखवायचा. डिपॉझिटची पावती घ्यायला शिकवा. सगळ्या कागदांच्या दोन प्रती, एक त्याच्या पेटीत, एक तिसऱ्या माणसाकडे, आणि डिजिलॉकरमध्ये चढवलेलं. सोबत द्यायला दोन चादरी, बादली-मग, तवा, पोळपाट-लाटणं, आणि पंधरा दिवसांचा किराणा. किल्ली परत घ्या. अनेकांना हे दुष्टपणाचं वाटतं, पण किल्ली ठेवली की तो निघालाय की नाही हे कुणालाच कळत नाही, आणि नव्या खोलीतली पहिली रात्र अवघड गेली की पाय इकडेच वळतात.

'कधीही ये' असं म्हणू नका. तो येणार नाही. 'रविवारी दुपारी साडेबाराला जेवायला ये' असं म्हणा. पहिल्या रविवारी बहुतेक येतात, आणि आठवड्याचे कपडे पिशवीत भरून आणतात. मशीन मोकळं ठेवा.